मामांचे जागे पहारेकरी

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि समजा की तुम्ही पहारेकरी आहात. एका मोठ्या गोदामाच्या फाटकाशी तुमचं लोखंडी स्टूल आहे, हातात काठी आहे, गळ्यात शिट्टी आहे. गोदामामागचं गटार तुंबलंय, कुंपणाला भोकं पडलीत, आणि घुशी दिवसरात्र आत शिरून पत्र्यांवर खडखड करताहेत. खडखड झाली की तुम्ही काठी उगारून धावता. घूस पळते. तुम्ही परत येऊन बसता न बसता तोच पुन्हा खडखड.

पहिल्या दिवशी तुम्हाला फार शूर वाटेल. मग पाय दुखतील. मग डोकं फिरेल, आणि समोर येईल त्याला तुम्ही बडवाल. दूधवाला आला, बडवला. पोस्टमन आला, बडवला. आणखी काही दिवस गेले की बसल्या जागी तुमचा डोळा लागेल, आणि नेमका तेव्हाच खरा चोर फाटकातून शीळ घालत आत जाईल.

आता डोळे उघडा, पण त्या बिचाऱ्या पहारेकऱ्याला विसरू नका. कारण या गोष्टीतल्या मामांचा धंदाच पहारेकऱ्यांचा होता. गावातल्या निम्म्या फाटकांवर त्यांची माणसं उभी असायची. आणि तरीही जी गोष्ट तुम्हाला डोळे मिटून कळली, ती त्यांना डोळे उघडे ठेवून कळली नाही.

ही गोष्ट खुंटी नावाच्या एका मुलीच्या घरातली. ती, तिचे बाबा, काका आणि काकू एकत्र राहायचे, आणि मामा म्हणजे या काकूंचे थोरले भाऊ. पोट पुढं, छाती त्याच्या मागं, आणि या दोघांच्याही पुढं त्यांचा आवाज. कोणताही विषय निघाला की मामांना त्यातलं सगळं ठाऊक असायचं. नळ गळत असो, नाहीतर कुणाचं लग्न अडलेलं असो, उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांच्या चुका पुष्कळ व्हायच्या, पण त्या नेहमी दुसऱ्याच्या नावावर जमा व्हायच्या. ही एक कलाच म्हणायची, आणि ती ज्याला साधते तो मोठा माणूस समजला जातो.

मामांना घरात कुणी उलट बोलायचं नाही. काकू बोलायच्या नाहीत, कारण भावापुढं बोलायची सवय त्यांना लहानपणीच लावली गेली नव्हती. खुंटीचे बाबा बोलायचे नाहीत, कारण ते मामांच्याच कचेरीत पहारेकऱ्यांच्या पाळ्या लावायचं काम करायचे. कचेरीत ते मामांना ‘साहेब’ म्हणायचे आणि घरी आल्यावरही साहेबच म्हणायचे. मान हलवायची सवय एकदा लागली की ती कचेरीच्या दारात काढून ठेवता येत नाही.

उरले काका आणि खुंटी.

काका वेताच्या खुर्च्या विणायचे. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं काम चालायचं. एका कोपऱ्यात वेताच्या जुड्या भिंतीला टेकलेल्या, मध्ये पाण्याची बादली, तिच्यात पिवळसर पट्ट्या भिजत घातलेल्या, आणि चारी बाजूंना बसायची जागा फाटलेल्या खुर्च्या. खुर्चीच्या चौकटीला भोकं असतात. पट्टी एका भोकातून वर काढायची, समोरच्या भोकात घालायची, आणि ती ढिली पडू नये म्हणून भोकात लाकडाची छोटी खुंटी ठोकायची. आई गेल्यापासून खुंटी याच खोलीत वाढली होती. चालायला लागल्यापासून ती काकांच्या हातात एकेक खुंटी द्यायची, म्हणून तिचं नाव खुंटी पडलं. शाळेतलं नाव वेगळं होतं, पण ते फक्त बाईंना ठाऊक होतं. लाकडाच्या खुंट्या मात्र एका फाटक्या पिशवीत असायच्या आणि त्या पिशवीतून रोज सांडायच्या. घरात अनवाणी चालणाऱ्या प्रत्येकानं कधी ना कधी त्या पिशवीला शिव्या घातल्या होत्या.

काकांचं यकृत, म्हणजे लिव्हर, खराब झालं होतं. शेजारपाजारच्यांनी लगेच डोळे मिचकावले. “प्यायचा असणार,” असं म्हणायला काही अभ्यास लागत नाही. काकांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. फार वर्षांपूर्वी रक्तातून एक कावीळ त्यांच्या अंगात शिरली होती, ती गुपचूप तिथंच बसून लिव्हर कुरतडत राहिली, आणि जेव्हा कळलं तेव्हा लिव्हर सुकलेल्या लिंबासारखं कडक आणि सुरकुतलेलं झालं होतं. पोटात पाणी साठायला लागलं, दंड काठ्यांसारखे झाले. काका म्हणायचे, “पोट जमीनदाराचं, हात मजुराचे. देवानं दोन माणसांचे भाग चुकून एकत्र जोडले.”

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी बऱ्याच गोळ्या दिल्या होत्या आणि एक गोड, चिकट, पाकासारखं औषध. त्याला घरात सगळे सरबत म्हणायचे. ते घेतलं की दिवसातून दोनतीन वेळा शौचाला जावं लागायचं. हसताय ना? हसा, पण ऐका. ते जाणं हा त्या औषधाचा दोष नव्हता, तेच त्याचं काम होतं. डॉक्टरीणबाईंनी तसं बजावून सांगितलं होतं: “हे कधी बंद करायचं नाही. पोट तुंबू द्यायचं नाही.” सरबताची वाटी काकांना द्यायचं काम खुंटीचं होतं. काका ते तोंड वाकडं करून प्यायचे आणि म्हणायचे, “मुंगी झालो असतो तर आवडलं असतं.”

एके दिवशी मामा आपली खुर्ची घेऊन आले. कचेरीतली त्यांची मोठी, हातांची खुर्ची. तिची जागा मधोमध फाटली होती, कारण खुर्चीच्याही सहनशक्तीला मर्यादा असते.

“ही चांगली घट्ट विणा,” मामा म्हणाले. “माझ्या वजनाचा माणूस बसतो.”

“वजन माहीत आहे, मेहुणे,” काका म्हणाले. “खुर्चीनं सगळं सांगितलंय मला.”

एवढं बोलून काका उठले आणि मागच्या बाजूला गेले. परत आले, पट्टी हातात घेतली, आणि थोड्या वेळानं पुन्हा उठून गेले. मामांच्या भुवया वर चढल्या.

“हे काय चाललंय?”

“औषधामुळं होतं ते, दादा,” काकू म्हणाल्या. “सरबत.”

“औषध? माणसाची ताकद अशी वाहून जातेय आणि तू औषध म्हणतेस? बघ यांच्या दंडाकडे. अंगात काही राहायलाच नको का?”

“डॉक्टर म्हणाल्या की…”

“डॉक्टर म्हणतात. डॉक्टरांनी कधी फाटक राखलंय?” मामांनी पिशवीतून एक पत्र्याचा डबा काढला. लाल डबा, त्यावर दंड फुगवलेल्या माणसाचं चित्र. “ही पावडर. प्रतिकारशक्ती वाढवते. हे बघा, शरीर म्हणजे एक कारखाना आहे. त्याच्या फाटकावर पहारेकरी असतात. रोग म्हणजे चोर. मग करायचं काय? पहारेकरी वाढवायचे, त्यांना जागे ठेवायचे. साधा हिशोब आहे. पहाऱ्यातलं मला कुणी शिकवू नये.”

“खरंय साहेब,” बाबा म्हणाले.

खुंटी बादलीजवळ बसली होती. तिनं विचारलं, “मामा, ते पहारेकरी झोपतात कधी?”

“माझे पहारेकरी झोपत नाहीत.”

“तो सूतगिरणीच्या फाटकावरचा झोपतो. खांबाला टेकून, उभ्यानं. मी शाळेत जाताना बघते. त्याच्या तोंडाशी माशा असतात.”

काकांना खोकला आला. तो खोकला नव्हता, हे खुंटीला कळलं. बाबांनी डोळे वटारले. त्या पहारेकऱ्याला दोन पाळ्या सलग करायला लागत होत्या, आणि त्या पाळ्या बाबाच लावत होते, मामांच्या सांगण्यावरून.

“मोठी माणसं बोलताना मुलांनी मध्ये तोंड घालू नये,” मामा म्हणाले. ज्याच्याकडे उत्तर नसतं त्याच्याकडे हे वाक्य कायम तयार असतं.

चारदोन दिवसांतच सरबत बंद झालं. काका आधी नाही म्हणाले. पण वारंवार उठून ते खरंच कंटाळले होते, काम पुढं सरकत नव्हतं, आणि काकू सकाळ-संध्याकाळ पावडरचा पेला घेऊन समोर उभ्या राहायच्या. “दादानं एवढ्या आपुलकीनं आणलंय,” हे त्यांचं म्हणणं. आपुलकीनं आणलेली वस्तू चांगलीच असते, अशी आपल्याकडे एक अजब समजूत आहे. शेवटी काका म्हणाले, “बरं, दे. घरात शांतता तरी राहील.” सरबताची बाटली काकूंनी वेताच्या जुड्यांमागं सरकवून ठेवली. खुंटीनं ते पाहिलं. दोनदा तिनं ती बाटली बाहेर काढून मांडली, आणि दोन्ही वेळा काकूंनी ती मुकाट्यानं मागं सरकवली.

काकांचं पोट तुंबलं. मामा खूश. “बघा, गळती थांबली.”

मग काका दिवसा झोपायला लागले. पट्टी हातात असताना त्यांची मान छातीवर पडायची. मामा म्हणाले, “शरीर विश्रांती घेतंय. ताकद साठतेय.”

मग काका चिडायला लागले. आयुष्यात ज्यांनी कुत्र्यालाही हाड म्हटलं नव्हतं, ते काका खुंटी बादलीला धडकली म्हणून तिच्यावर ओरडले. खुंटीच्या डोळ्यांत पाणी आलं. मामा मात्र मांडीवर थाप मारून म्हणाले, “राग आला म्हणजे रक्त सळसळतंय. पावडर लागू पडली.”

मुलांनो, अतिशहाण्या माणसाची हीच गंमत असते. घराला आग लागली तरी तो म्हणतो, उजेड छान पडलाय.

खुंटीला काहीतरी बिनसलंय हे खुर्चीवरून कळलं. वेताच्या विणीत आधी उभ्या पट्ट्या येतात, मग आडव्या, मग पुन्हा उभ्या आणि आडव्या, आणि शेवटी दोन्ही बाजूंनी तिरप्या. तिरपी पट्टी उभ्या जोडीखालून आणि आडव्या जोडीवरून जायला हवी. समोरून येणारी तिरपी बरोबर उलटी. हे जमलं की पट्टी कोपऱ्यात अलगद सरकून बसते आणि विणीत सुंदर आठकोनी भोकं उमलतात. चुकलं की पट्टी अडकते, खरखरते, आणि बसणाऱ्याच्या वजनानं तिथंच तुटते. काका हे डोळे मिटून करायचे. लहानपणी खुंटीला त्यांनी तेच शिकवलं होतं: बघू नकोस, ओढून बघ, सरकली तर बरोबर.

तिनं मामांच्या खुर्चीतली एक तिरपी पट्टी ओढली. ती अडकली. दुसरी ओढली. तीही अडकली. आठकोनी भोकांच्या जागी नुसता गोंधळ झाला होता, कोंबडीनं उकिरडा उकरावा तसा.

“काका, ही चुकलीय.”

काकांनी विणीकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “बरोबर तर आहे,” ते म्हणाले, आणि पुढची पट्टीही तशीच घातली.

खुंटीनं बाबांना सांगितलं. बाबांनी संध्याकाळी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, “एका खुर्चीचं काय घेऊन बसलात? पावडर दुप्पट करा.”

त्याच सुमारास सूतगिरणीच्या फाटकावर तमाशा झाला. खांबाला टेकून झोपणाऱ्या त्या पहारेकऱ्याचं डोकं जागरणानं फिरलं होतं. मागच्या गटारातून घुशी येऊन पत्रे वाजवायच्या आणि तो रात्रभर धावायचा. एका सकाळी त्यानं गिरणीच्याच हिशेबनीसाला चोर समजून काठीनं झोडपलं. आणि लगेच पुढच्या आठवड्यात, भर दुपारी, खरे चोर टेम्पो घेऊन आले, तांब्याच्या तारांची वेटोळी भरली आणि निघून गेले. हा स्टुलावर घोरत होता. जाता जाता चोरांनी त्याची शिट्टीही नेली.

मामांनी त्याला कामावरून काढलं. “नालायक माणूस. मी त्याला जागं राहायला सांगितलं होतं,” ते काकांच्या घरी येऊन सांगत होते. बाबा मान हलवत होते. काका कोपऱ्यात बसले होते. त्यांच्या समोर चहाचा कप होता, हातात खुंटी, आणि ते ती खुंटी चहात ठोकायचा प्रयत्न करत होते.

“काका?” खुंटी म्हणाली.

काकांनी तिच्याकडं पाहिलं. “ताई,” ते म्हणाले, “बाबांना सांग, मी आज शाळेत जात नाही.”

काकांची ताई खुंटीच्या जन्माआधीच वारली होती.

काकूंच्या हातातला पावडरचा पेला खाली पडला. मामा दाराकडं धावले: “गाडी आणा. मी आधीच म्हणत होतो, यांना डॉक्टरला दाखवा.”

इस्पितळातली खोली लांबट होती. फिनेलचा वास, भिंतीवर कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा गोल डाग, आणि खिडकीत वाळत घातलेला एक टॉवेल. डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी काकांना दोन्ही हात पुढं धरायला सांगितले, गाडी थांबवताना धरतो तसे, पंजे वर करून. काकांनी धरले. पंजे क्षणभर उभे राहिले आणि फटकन पडले, पुन्हा उभे राहिले, पुन्हा पडले. दमलेल्या पाखरानं पंख मारावेत तसे.

“सरबत चालू आहे ना?” डॉक्टरीणबाईंनी मोठ्या माणसांकडं बघून विचारलं.

“अगदी वेळच्या वेळी,” मामा म्हणाले.

खुंटीनं काकूंकडं पाहिलं. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. तिनं बाबांकडं पाहिलं. बाबा खिडकीतल्या टॉवेलकडं इतक्या लक्षपूर्वक बघत होते, जणू तो आता काही बोलणार आहे.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. “ते नियमित घेऊनही डोक्यावर एवढा परिणाम झाला असेल, तर आजार फार पुढं गेलाय. मग माझ्या हातात थोडंच उरतं. तुम्ही मनाची तयारी…”

“नाही,” खुंटी म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. बाबांनी डोळे वटारले, अगदी कचेरीतले डोळे. खुंटीला ते कळले. उद्या बाबांना साहेब काय म्हणतील, हेही कळलं. त्या पहारेकऱ्याचं काय झालं ते तिनं ऐकलंच होतं. पण पलंगावर काका पंजे हलवत होते आणि त्यांना तिचं नाव आठवत नव्हतं.

“सरबत बंद आहे,” ती म्हणाली. “मामा पावडर घेऊन आले तेव्हापासून. बाटली वेताच्या जुड्यांमागं आहे. त्याच्या जागी लाल डब्यातली पावडर देतात.”

“पोर आहे,” मामा हसले. “तिला काय कळतंय.”

“पोरीला बाटली कुठं आहे ते कळतंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुम्हाला कळतंय?”

मामांनी घसा साफ केला. ती पावडर प्रतिकारशक्तीची आहे, शरीर म्हणजे कारखाना, पहारेकरी जागे ठेवले पाहिजेत, वगैरे सगळं त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं. डॉक्टरीणबाई तोवर परिचारिकेला भराभर सूचना देत होत्या: पोट साफ करायला एनिमा, मग सरबत, आणि पोटातल्या पाण्याचा नमुना सुईनं काढून तपासायला. ते झाल्यावर त्या खुंटीजवळच्या बाकावर बसल्या. मामांना नव्हे, तिलाच त्यांनी विचारलं, “तुला सांगू काय झालंय ते?”

“सांगा.”

“आपल्या आतड्यात कोट्यवधी जंतू राहतात. ते तिथं असतात तोवर ठीक. ते मरतात, फुटतात, त्यांच्या कवचाचे विषारी तुकडे होतात. आतड्यातून निघालेलं रक्त आधी लिव्हरकडं जातं आणि लिव्हर ते तुकडे गाळून टाकतं. पण काकांचं लिव्हर कडक झालंय. रक्त त्याला वळसा घालून पुढं जातं, आणि आतड्याची भिंतही झिरपायला लागलीय. मग ते तुकडे अंगभर फिरतात.”

“मग?”

“रक्तातल्या पांढऱ्या पेशी आपले पहारेकरी. तुमचे मामा तेवढं बरोबर बोलले. तुकडा दिसला की त्यांना वाटतं जंतूच आला. त्या धावतात, मारामारी करतात. जंतू बहुतेक वेळा नसतोच, नुसतं कवच असतं. पण त्या मारामारीत आपलंच अंग भाजून निघतं. असं दिवसरात्र, महिनोन्महिने. काकांचे पहारेकरी कमी जागे नाहीत, फार जागे आहेत. आणि धावून धावून इतके दमलेत, की खरा जंतू आला…”

“की ते झोपलेले असतात,” खुंटी म्हणाली. “डबल ड्युटी.”

“काय म्हणालीस?”

“मामांच्या माणसासारखं. त्यानं आधी हिशेबनीसाला बडवलं, मग चोर आले तेव्हा घोरत होता.”

डॉक्टरीणबाईंनी मामांकडं पाहिलं. मामा पंख्याकडं पाहत होते.

“आणि सरबत गटार वाहतं ठेवतं?” खुंटीनं विचारलं.

“हो. तुंबलेल्या आतड्यात आणखी एक विष तयार होतं, ते डोक्यात चढून माणसाला गुंगी आणतं. पोट साफ झालं की ते बाहेर पडतं. तुंबलेलं गटार तसंच ठेवून पहारेकऱ्याला चाबूक मारायचा, ही जी कल्पना आहे ना,” त्या म्हणाल्या, “ती कुणाची, ते मी विचारत नाही.” लाल डबा त्यांनी उलटा करून पाहिला. “यात काय आहे तेही कुठं लिहिलेलं नाही. लिव्हरच्या रोग्याला असलं काहीही द्यायचं नाही.”

पोटातल्या पाण्यात खरे जंतूही सापडले. चोर आत शिरला होता, पण फार आत नव्हे. त्याच्यासाठी शिरेतून औषध सुरू झालं. खुंटी सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी शाळेनंतर काकांच्या पलंगाशी बसायची. काका आधी नुसते झोपले. मग डोळे उघडून छताकडं पाहू लागले. मग एका संध्याकाळी परिचारिका सरबताची वाटी घेऊन आली, तेव्हा त्यांनी तोंड वाकडं केलं.

“मुंगी झालो असतो तर…” ते म्हणाले आणि थांबले. मग बाकाकडं वळले. “खुंटे, तू का रडतेस? पितो म्हटलं ना.”

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. लिव्हर पुन्हा कोवळं होणार नाही. पुढं कधी दुसरं लिव्हर बसवता आलं तर बघू, त्याची चौकशी त्या करतील. तोवर सरबत, गोळ्या, आणि काका पेंगले, चिडले किंवा गोंधळले तर त्याच दिवशी इस्पितळात. “आणि खुर्चीची वीण चुकली तर?” खुंटीनं विचारलं. “तर सगळ्यात आधी,” त्या म्हणाल्या.

तुम्हाला वाटेल, मामा यातून काही शिकले असतील. तसं वाटणं तुमच्या वयाला शोभतं. काका घरी येताच मामा हजर झाले. बगलेत नवा लाल डबा, पहिल्याहून मोठा. दारातूनच आवाज: “बघा, वेळेवर दाखवलं म्हणून वाचले. मीच डॉक्टरांना सगळं समजावून सांगितलं. आता अंगात काही राहिलं नसेल, तेव्हा ही जरा जास्त ताकदीची. माझी खुर्ची झाली का?”

“झालीय बहुतेक,” काका म्हणाले. खुर्ची त्यांच्यासमोरच होती. त्यांनी चष्मा लावला आणि विणीवरून बोट फिरवलं. “ही कुणी विणली?”

काकूंनी बाबांकडं पाहिलं.

“तुम्हीच,” खुंटी म्हणाली. “तेव्हा.”

काकांनी एक तिरपी पट्टी ओढून पाहिली. अडकली. त्यांचा चेहरा जरा पडला. आपण कुठपर्यंत जाऊन आलो, हे त्यांना त्या पट्टीनं सांगितलं. मग ते हसले. “मेहुणे, ही तुमच्या विचारांसारखी झालीय. दिसायला घट्ट, बसलात की खाली.”

“अहो, चालेल तशीच,” मामा म्हणाले. “आणा इकडं.” त्यांनी नवा डबा काकूंच्या हातात दिला. “आजपासूनच सुरू कर.”

काकूंनी डबा घेतला. क्षणभर त्या भावाकडं बघत राहिल्या, मग डबा त्यांनी जमिनीवर ठेवला, पायानं थोडासा खुंटीच्या दिशेनं सरकवला आणि चहा टाकायला म्हणून आत गेल्या. बाबा दारात उभे होते. मामांनी त्यांच्याकडं पाहिलं. बाबांची मान हलली, पण या वेळी ती कुठल्या दिशेनं हलली ते नीट कळलं नाही.

खुंटी उठली. जुड्यांमागची बाटली तिनं आधीच पुढं आणून खिडकीत ठेवली होती. तिनं वाटीत सरबत ओतलं आणि काकांच्या हातात दिलं. काकांनी तोंड वाकडं करून ते पिऊन टाकलं. मग तिनं कात्री घेतली आणि मामांच्या डोळ्यांदेखत खुर्चीतली एकेक तिरपी पट्टी कापून काढली, शेवटच्या पट्टीपर्यंत.

“अरे, अरे, मी बसू कुठं?” मामा म्हणाले.

“उभे राहा जरा,” काका म्हणाले. “पहाऱ्यातलं तुम्हाला कुणी शिकवायला नको.”

खुंटीनं लाल डबा उचलला, मागच्या दारी नेला, झाकण उघडलं आणि ती पावडर शेवटच्या कणापर्यंत उकिरड्यावर ओतली. डबा घासला, फडक्यानं पुसून कोरडा केला. मग पुढच्या खोलीत येऊन तिनं फाटक्या पिशवीतल्या लाकडाच्या सगळ्या खुंट्या त्यात भरल्या, डबा काकांच्या उजव्या हाताशी ठेवला, आणि त्यातली पहिली खुंटी काढून त्यांच्यापुढं धरली.